काम कोठे अडते?

कारखान्यात अथवा पेढीवर काम रेंगाळू लागले की दोष प्रथम हाताखालच्या माणसावर जातो. मुकादम बदलला जातो आणि काम पूर्ववत रेंगाळतच राहते. वस्तुतः अशा ठिकाणी काम चालते थोडा वेळ आणि थांबून राहते फार. ते नेमके कोठे थांबते, हे शोधणे अगत्याचे असते.

या दृष्टीने सुरत शहराचा अनुभव पाहण्याजोगा आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ उद्भवली. लाखो लोक शहर सोडून गेले, हिऱ्यांचे व कापडाचे कारखाने ओस पडले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. सफाई कामगार होते, गाड्या होत्या. तरी कचरा उचलला जात नव्हता. सफाई, पाणी, गटारे ही खाती आपापल्या वाटेने चालत आणि मंजुरीसाठी कागद मुख्य कचेरीची वाट धरी. रावांनी शहराच्या सहाही विभागांच्या प्रमुखांस आयुक्ताचे अधिकार दिले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रोज सकाळी वस्त्यांतून हिंडावे आणि दुपारी एकत्र बसून अडचणींचा निकाल लावावा, असा परिपाठ पडला. मुख्य रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. भर वाहतुकीत झाडू मारण्याची जुनी रीत इतकी वर्षे कोणास खटकली नाही, हेच नवल! थोड्याच काळात इंटॅक या संस्थेने स्वच्छतेत सुरतेस चंदीगडच्या खालोखाल स्थान दिले. कंत्राटदार नेमले गेले, दंडही बसवले गेले, हे खरे; परंतु आधी वाट मोकळी झाली नसती तर त्यांचा उपयोग बेताचाच झाला असता.

खासगी धंद्यातही हीच तपासणी करता येते. सुरतेची साडी घ्या. कोरे कापड मागावरून रंगाईस, तेथून भरतकामास, मग घडी घालून बाजारात जाते. एकाच गठ्ठ्यासोबत एक चिठ्ठी द्यावी आणि प्रत्येक ठिकाणी तो केव्हा आला, हातात केव्हा घेतला, केव्हा निघाला, एवढेच तीवर लिहावे. माल दुरुस्तीसाठी मागे आला काय, तीच नोंद दोन वह्यांत होते काय, हेही टिपावे. आठवडाभरात चिठ्ठ्या बोलू लागतात. रंगाईला तास लागलेले दिसतात आणि वाट पाहण्यात दिवस गेलेले. पुष्कळदा सर्वांत लांब मुक्काम मालकाच्याच मेजावर, त्याच्या सहीसाठी, झालेला आढळतो. आणि ती चिठ्ठी त्याला दाखविण्याचे धाडस मुनीमजींनाही सहसा होत नाही.