स्वमग्न मुलगा अठरा वर्षांचा होतो तेव्हा

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर दोन-तीन वर्षांचे मूल येते. हाक मारली तरी न बघणारे, खेळण्यातल्या गाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसणारे. पण हेच मूल पुढे मोठे होते, त्याला मिसरूड फुटते, आवाज बदलतो, मुलगी आवडू लागते. मग काय? आईबाप हा प्रश्न डॉक्टरांना विचारतात तो बहुधा उठता उठता, दाराशी थांबून आणि खालच्या आवाजात.

या प्रश्नावर एक अख्खी अमेरिकन मालिका निघाली. तिचे नाव ‘ॲटिपिकल’, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळा. २०१७ ते २०२१ या काळात नेटफ्लिक्सवर तिचे चार भागांत मिळून ३८ प्रसंग आले. कनेक्टिकट राज्यातल्या मध्यमवर्गीय घरातला सॅम हा १८ वर्षांचा स्वमग्न मुलगा तिचा नायक आहे. तो इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात अर्धवेळ काम करतो. अंटार्क्टिका आणि तिथले पेंग्विन हा त्याचा ध्यास. मन बिथरले की तो पेंग्विनच्या चार जातींची नावे ठरलेल्या क्रमाने पुटपुटतो. मालिका विनोदी आहे, पण सॅमला वेडा ठरवून हसवणारी नाही.

आधी थोडे वैद्यकीय. स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात वेगळेपणा आहे. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. पुढे बरीच वर्षे ‘आई थंड स्वभावाची, म्हणून मूल असे’ असा समज डॉक्टरांतही होता. तो साफ चुकीचा ठरला. लशीमुळे स्वमग्नता येते असे सुचवणारा १९९८ सालचा लेखही ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. मूळ स्वमग्नता घालवणारे औषध नाही. सोबत फिट्स, निद्रानाश किंवा अतिचिंता असेल तर त्यांच्यावर औषध असते. ‘मुळापासून बरे करतो’ असे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे.

सॅमची पहिली अडचण शब्दांची आहे. तो बोलतो उत्तम, पण शब्दाचा तेवढाच अर्थ घेतो. आपण सहज म्हणतो, “माझे डोके खाऊ नकोस.” स्वमग्न मुलाला यात खाण्याचा काय संबंध, हे कळत नाही. सूचक बोलणे, डोळ्यांचा इशारा, टोमणा हे सारे त्याच्या बाजूने वाहून जाते. मालिकेत सॅम आपल्या समुपदेशक बाईंच्याच प्रेमात पडतो, कारण त्या आपुलकीने बोलतात. आणि पेज नावाच्या मैत्रिणीला तो तिच्या सगळ्या घरच्यांसमोर, हॉटेलात, ‘माझे तुझ्यावर प्रेम नाही’ असे सांगून टाकतो. त्याच्या मनात दुष्टपणा नसतो. खरे ते बोलायचे, एवढेच त्याला ठाऊक.

म्हणून वयात येणाऱ्या स्वमग्न मुलाशी आडवळणाने बोलून उपयोग नाही. शरीरात काय बदल होणार, कोणती गोष्ट खोलीचे दार लावूनच करायची, कोणाला हात लावायचा नाही आणि आपल्याला कोणी कुठे हात लावू द्यायचा नाही, हे सरळ शब्दांत, गरज पडली तर चित्रे काढून, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. मुलीला पाळी येण्याच्या आधीच पॅड हाताळायला देऊन सराव करून घ्यावा. आपल्याकडे लाजेपोटी हे राहून जाते आणि नंतर मुलालाच ‘वाह्यात’ ठरवले जाते.

दुसरी अडचण आवाज आणि गर्दीची. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो अशा मुलाला अक्षरशः दुखतो. सॅम म्हणूनच कानांवर हेडफोन घालून फिरतो. शाळेच्या नृत्यसमारंभात त्याच्यासाठी सगळेच हेडफोनवर गाणी ऐकत नाचतात. आपल्याकडच्या लग्नातला बँड आणि मिरवणुकीतला डीजे आठवा, म्हणजे ही मुले कान दाबून का पळतात ते कळेल.

हे सारे असह्य झाले की मुलाचे भान सुटते. हा हट्ट नव्हे. हट्टी मुलाला काहीतरी हवे असते आणि ते मिळाले की ते थांबते. भान सुटलेल्या मुलाला स्वतःलाच थांबता येत नाही. अशा वेळी ओरडू नये, भोवती गर्दी करू नये, बोलणे कमीत कमी ठेवावे. शांत जागी न्यावे, इजा होणार नाही एवढेच पाहावे आणि वाट पाहावी. हात हलवणे किंवा पुढे-मागे झुलणे हा त्याचा स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो, तो बळेच बंद करू नये.

मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग याच संदर्भातला आहे. रात्री रस्त्यात बिथरलेला, पुटपुटणारा सॅम पोलिसाला संशयित वाटतो आणि बेड्या घालण्यापर्यंत पाळी येते. सॅमचे वडील रुग्णवाहिकेवर काम करतात. ते नंतर पोलीस आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांना स्वमग्नतेविषयी प्रशिक्षण मिळावे म्हणून खटपट करतात. मूल एकटे फिरू लागले की त्याच्या खिशात नाव, आजाराची एक ओळ आणि घरचा फोन नंबर असलेले कार्ड असावे, हे यातून घेण्यासारखे.

घरच्यांचे चित्रणही खरे वाटते. आई एल्सा मुलासाठी इतकी राबली आहे की त्याला मैत्रीण हवी, हेच तिला पचत नाही. निदान झाले तेव्हा वडील काही महिने घर सोडून गेले होते, आणि तो घाव घरात अजून ओला आहे. धाकटी बहीण केसी शाळेत भावासाठी भांडते, पण तिच्या धावण्याच्या शर्यतीकडे बघायला घरात कोणाला सवड नसते. (आईच्या बाहेरच्या प्रेमप्रकरणात मालिकेने फार वेळ दवडला आहे. तोच वेळ या बहिणीला द्यायला हवा होता.) घरात दुसरे भावंड असेल तर आठवड्यातली एखादी संध्याकाळ तरी फक्त त्याची असावी.

मालिकेवर टीकाही झाली. सॅमचे काम करणारा नट स्वतः स्वमग्न नाही, हे अनेक स्वमग्न लोकांना खटकले. दुसऱ्या भागापासून सॅमच्या शाळेतल्या गटात स्वमग्न कलाकार घेतले गेले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सॅम बोलतो, नोकरी करतो, महाविद्यालयात जातो. सगळ्यांना ते जमत नाही. कित्येक स्वमग्न माणसे आयुष्यभर फारसे बोलत नाहीत आणि त्यांना रोज मदत लागते. मालिका पाहून ‘आमचा का असा नाही’ म्हणून खंत करू नये.

आपल्याकडे १८ वर्षे पूर्ण होणे याला कायद्यानेही अर्थ आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे आणि तिचे प्रमाणपत्र मिळते. वय १८ झाले की आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व संपते. ज्या मुलाला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत, त्याच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करावा लागतो. सतराव्या वर्षीच कागदपत्रे गोळा करायला लागावे. लहान मुलाबद्दल शंका असेल तर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी करून घ्यावी. केसपेपर जपून ठेवावा, पुढे प्रमाणपत्राच्या वेळी तोच उपयोगी पडतो.