माहीम पार्क ते शिवाजी पार्क : एका वस्तीच्या नावाचा मागोवा

मुंबईच्या दादर भागातील शिवाजी पार्क हे नाव आज मैदानाला आणि त्याभोवतीच्या वस्तीला सारखेच लागू होते. मात्र ते आधी मैदानाला मिळाले आणि वस्तीने ते तेथून उचलले. १८९६ साली शहरात प्लेगची साथ पसरल्यावर दाट वस्ती विरळ करण्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे नगर सुधारणेसाठी कायद्याने स्थापलेले स्वतंत्र मंडळ, अस्तित्वात आले आणि शहराची वाढ उत्तरेकडे वळली. या वाढीच्या ओघात, एकेकाळी माडांच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या माहीमच्या बाजूला, महापालिकेने १९२५ साली सुमारे २८ एकरांचे मैदान लोकांसाठी खुले केले, त्याचे नाव माहीम पार्क असे होते.

हे नाव जेमतेम दोन वर्षे टिकले. १९२७ साली शिवजन्माची त्रिशताब्दी साजरी होत असताना, महापालिकेच्या सदस्य असलेल्या आणि चंपारणच्या सत्याग्रहात गांधीजींबरोबर काम केलेल्या अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने मैदानाला शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या शहरात रस्ते, चौक आणि बागा गव्हर्नरांच्या नावांनी ओळखल्या जात, तेथे परकी सत्ता असताना हा बदल घडला, यातच त्याचे खरे महत्त्व आहे.

त्रिशताब्दीचे वर्ष मात्र निर्विवाद नव्हते. हा उत्सव शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, हे जन्मवर्ष धरून झाला. पण जेधे घराण्याच्या दप्तरातील शकावली, म्हणजे घटनांची कालक्रमाने केलेली टिपणे, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली होती आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही जन्मतिथी आढळते. तिच्याशी जुळणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य शासनाने पुढे स्वीकारली. आजच्या गणनेने पाहिल्यास मैदानाचे नामकरण त्रिशताब्दीच्या जवळजवळ तीन वर्षे आधीच उरकले, असे म्हणावे लागते.

पुढील दोन दशकांत मैदानाभोवती आर्ट डेको, म्हणजे गोलसर गच्च्या आणि आडव्या रेषांचा सोस असलेल्या शैलीतील, बैठ्या उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या, मराठी मध्यमवर्ग तेथे स्थिरावला आणि ‘पार्कात राहणे’ हा शब्दप्रयोग पत्त्याइतकाच प्रतिष्ठेचाही झाला. मैदानाला वेढणाऱ्या ठेंगण्या भिंतीला, म्हणजे कट्ट्याला, या सामाजिक जीवनात जे स्थान मिळाले ते एखाद्या सभागृहालाही क्वचित मिळते. आत रमाकांत आचरेकर यांच्यासारख्या प्रशिक्षकांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर आणि इतर अनेक क्रिकेटपटू घडले.

मैदानाचे दुसरे रूप सभांचे. संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील सभांनंतर ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा येथे भरला. महाराजांचा अश्वारूढ पुतळाही त्याच वर्षी बसवण्यात आला. त्यात महाराजांनी तलवार उगारलेली नसून हात पुढे केलेला आहे. जवळच्या चैत्यभूमीमुळे, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समाधिस्थळामुळे, ६ डिसेंबरला त्यांच्या स्मृतिदिनी येणाऱ्या अनुयायांचा मुक्कामही याच मैदानावर असतो.

वाढत्या आवाजाविरुद्ध रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतल्यावर २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. २०२० मध्ये महापालिकेने मैदानाचे अधिकृत नाव छत्रपती शिवाजी महाराज पार्क असे केले. वस्तीच्या तोंडी मात्र जुनेच, बरेचदा तर नुसते ‘पार्क’, एवढेच नाव आहे.