विहिरीचा खेळ

वरुड आणि मोर्शी हे अमरावती जिल्ह्यातील संत्र्यांचे तालुके. बागा जगवण्यासाठी तिथल्या विहिरी व बोअर वर्षानुवर्षे खोल होत गेल्या. ‘भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाला’ हे वाक्य विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात. पण प्रत्येक शेतकरी शहाणा असूनही सर्वांच्याच विहिरी का आटतात, हे त्यातून उमगत नाही. इथे संगणकावरचा खेळ उपयोगी पडतो.

असा एक खेळ आपण रचून पाहू. अमरावती विद्यापीठात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, वर्गातले पाच विद्यार्थी पाच बागाईतदार होतील. पाचही विहिरींखाली भूजलाचा साठा एकच, समजा १०० भाग. पाऊस दरवर्षी २० भाग भरून काढतो. प्रत्येकाने ४ भाग उपसले तर हिशेब जुळतो. पण एकाने ६ उपसले, तर जादा २ भागांचा फायदा त्याचा एकट्याचा आणि घट मात्र पाचांत वाटलेली. हे पाहून इतरही ६ वर जातात. मग दरवर्षी १० भागांची तूट येते आणि दहा वर्षांत साठा संपतो. संगणक ही दहा वर्षे दहा मिनिटांत दाखवतो.

मात्र शिक्षकांनी इथेच थांबू नये. १९८९ साली आलेल्या ‘सिमसिटी’ या खेळात खेळाडू शहर वसवतो. पण कर आणि लोकसंख्या यांचे नाते खेळ लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेले असते, ते खेळाडूला दिसत नाही. म्हणून आपल्या खेळाचे नियम फळ्यावर लिहावेत आणि विद्यार्थ्यांना ते बदलू द्यावेत. पानी फाउंडेशनच्या २०१६ मधील पहिल्या वॉटर कप स्पर्धेतील तीन तालुक्यांत वरुड होता. अशा कामांनी पुनर्भरण २० वरून २४ भाग झाले असे धरू. उपसा तोच राहिला तर साठा दहाऐवजी सुमारे सतरा वर्षे पुरेल; संपायचा तो संपेलच! पाणी अडवणे आणि ते वाटून घेणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे विद्यार्थी स्वतःच शोधून काढतात.

खेळात बाग वाळली तर कळ दाबून पुन्हा सुरुवात करता येते. शेतात नवे झाड चांगले फळाला येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. वर्गात बागाईतदारांची मुले असतील, तर शेवटी त्यांनाच विचारावे : या खेळात काय राहून गेले?