जुना संगणक, नवा मॉनिटर : खरेदीपूर्वी काय पाहाल?

घराच्या एका कोपऱ्यात संगणक ठेवून टेलरिंगचा हिशेब, टूर्सची तिकिटे, डीटीपी किंवा दुकानाची बिले करणारी मंडळी आज गावोगाव आहेत. यातील बरेच संगणक दहा-बारा वर्षांपूर्वीचे असून आपले काम इमानेइतबारे करीत असतात. अशा संगणकाचा मॉनिटर बंद पडला की, "आता सगळा सेटच बदला" असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला दर वेळी चुकीचा नसतो, पण दर वेळी बरोबरही नसतो. काही हजारांत भागणाऱ्या कामासाठी कर्ज काढण्यापूर्वी किंवा हप्ते बांधून घेण्यापूर्वी थोडी माहिती करून घेणे फायद्याचे आहे.

मॉनिटर हा संगणकापेक्षा जास्त काळ टिकणारा भाग आहे. आज घेतलेला मॉनिटर जुन्या संगणकाला जुळला पाहिजे आणि पुढेमागे नवा संगणक घेतला तर त्यालाही चालला पाहिजे. खरेदी करताना हाच हिशेब डोळ्यासमोर ठेवावा.

आधी संगणकाची मागची बाजू पाहा

दुकानात जाण्यापूर्वी संगणकाच्या मागील बाजूचा मोबाईलवर फोटो काढून घ्यावा. तेथे साधारणपणे तीन प्रकारचे पोर्ट दिसतात. निळ्या रंगाचा, तीन ओळींत पंधरा छिद्रे असलेला पोर्ट म्हणजे व्हीजीए. आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आणलेली ही पद्धत जुन्या संगणकांत सर्रास आढळते. बहुधा पांढरा आणि रुंद असतो तो डीव्हीआय, आणि लहान, चपटा, टीव्हीला असतो तसा एचडीएमआय.

संगणकाला फक्त व्हीजीए असेल आणि नव्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल, तर साध्या केबलने काम होत नाही. व्हीजीएचे चित्र ॲनालॉग असते, एचडीएमआयचे डिजिटल. मध्ये कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि त्याला बहुधा यूएसबीमधून वीज द्यावी लागते. कन्व्हर्टर घेताना तो 'व्हीजीएकडून एचडीएमआयकडे' जाणारा आहे ना, हे तपासावे. उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसायला तसाच असतो, पण येथे निरुपयोगी ठरतो. डिजिटल डीव्हीआय असेल तर मात्र डीव्हीआय-एचडीएमआयची साधी केबल पुरते.

इंटेल, एएमडी आदी कंपन्यांनी व्हीजीए हळूहळू बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१० मध्येच जाहीर केला होता. तरीही व्हीजीए आणि एचडीएमआय असे दोन्ही पोर्ट असलेले मॉनिटर बाजारात मिळतात. जुना संगणक असलेल्यांनी शक्यतो असाच मॉनिटर घ्यावा. आजचे काम भागते आणि उद्याची सोय होते.

आकार आणि अक्षरांची स्पष्टता

मॉनिटरचे इंच म्हणजे पडद्याची तिरकी लांबी. पण अक्षर किती स्वच्छ दिसेल हे बिंदूंच्या संख्येवर, म्हणजे रिझोल्यूशनवर ठरते. १९२० × १०८० बिंदूंचा पडदा साडेएकवीस इंचाचा असेल तर एका इंचात सुमारे १०२ बिंदू बसतात. तेवढेच बिंदू सत्तावीस इंचाच्या पडद्यावर पसरले की इंचाला सुमारे ८२ उरतात. अक्षर मोठे होते, पण भरड दिसते. हिशेब आणि मराठी टायपिंगसाठी साडेएकवीस ते चोवीस इंच पुरेसे आहे.

पडद्याचे जे मूळ रिझोल्यूशन असेल त्यावरच संगणक चालवावा. कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठ्या पडद्यावर ताणले गेले की वेलांटी, रफार, अनुस्वार पुसट होतात, १ आणि ९ यांत घोटाळा होतो. फार जुन्या मदरबोर्डवर १९२० × १०८० हा पर्याय कधी कधी मिळतच नाही. म्हणून शेजाऱ्याचा किंवा ओळखीच्या दुकानातील मॉनिटर एकदा जोडून पाहावा.

'फोर-के' पडद्याच्या मोहात पडू नये. एचडीएमआय १.४ पर्यंतच्या जुन्या संगणकावर तो सेकंदाला फार तर ३० चित्रे दाखवितो आणि माऊस अडखळत चालतो. खेळांसाठी असलेल्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरचाही बिलाच्या कामाला काही उपयोग नाही. त्याऐवजी आयपीएस पॅनेल पाहावे, म्हणजे समोर बसलेल्या गिऱ्हाईकालाही पडदा बाजूने नीट दिसतो.

वीज, बिल आणि जुना मॉनिटर

जुना सतरा इंची काचेच्या नळीचा मॉनिटर सुमारे ८० वॅट वीज घेतो, तर बावीस इंची एलईडी २५ वॅटच्या आसपास. रोज आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर सुमारे १३० युनिट वाचतात. शिवाय वीज गेल्यावर यूपीएसही जास्त वेळ टिकतो.

सेकंडहँड माल घ्यायचा असल्यास पडदा पूर्ण पांढरा व पूर्ण काळा करून पाहावा. मेलेले बिंदू, पिवळटपणा आणि कडेचा अंधार लगेच दिसतो. नवा घेताना पक्के बिल मागावे. वॉरंटी त्यावरच मिळते. मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असलेल्या आणि कंपोझिशन योजनेत नसलेल्या व्यावसायिकाला धंद्यासाठीच्या खरेदीवर या कराची वजावट मिळते.

नळीच्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, म्हणून तो फोडू नये किंवा कचऱ्यात टाकू नये. ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात द्यावा.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. संगणकावर बँकेचे व्यवहार होत असतील तर तो आज ना उद्या बदलावा लागेल. परंतु दोन्ही पोर्टचा मॉनिटर आज घेतला असेल, तर त्या दिवशी फक्त डबा बदलावा लागेल, पडद्याचे पैसे पुन्हा मोजावे लागणार नाहीत.