घडीच्या सायकलीचे मोल

वर्धा शहरापासून सेवाग्राम अवघ्या आठ किलोमीटरांवर आणि नागपूर रेल्वेने सुमारे पाऊणशे किलोमीटरांवर असल्याने, घडी घालून गाडीत नेता येणाऱ्या सायकलीचा मोह येथील नोकरदारास वा विद्यार्थ्यास व्हावा हे स्वाभाविकच होय. परंतु ती जुनी घ्यावयाची झाल्यास तिच्या वाजवी किमतीचा निकाल विकणाऱ्याजवळील पावतीवरून लावणे अनुचित ठरेल. सायकलींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्यामुळे, कराविना १५,००० रुपयांची जी सायकल पूर्वी १६,८०० रुपयांस पडे, ती आता १५,७५० रुपयांस पडते. सबब हिशेब आजच्या दुकानभावापासूनच मांडावा.

पंचनामा मात्र प्रथम बिजागरीचा व्हावा. साध्या सायकलीची फ्रेम सहसा दगा देत नाही. येथे तीच मधोमध दुभंगलेली असून स्वाराचा भार एका खटक्यावर विसंबून असतो. खटका लावून, पुढील ब्रेक आवळून, फटीवर बोट टेकवून सायकल मागेपुढे ढकलली असता बोटाखाली कटकट जाणवली, तर ती ढिलाई खटक्याचा स्क्रू आवळून जाते किंवा नाही याची खातरजमा करावी. नंतर धूळ पुसून, उजेडात, वेल्डिंगची कड न्याहाळावी. तिला लागूनच केसाएवढी रेषा धावत असेल आणि पोलादी फ्रेमवर तिच्यातून गंज पाझरत असेल, तर तो रंगाचा ओरखडा नव्हे, धातूची चीर होय, आणि मग भाव निम्म्याने उतरला तरी सौदा मोडावा. हँडलच्या दांड्याच्या बिजागरीसही हाच न्याय.

बाकीची वजावट किरकोळ. चेनच्या एका पिनेपासून पुढील चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंचांवर येते. ती अष्टमांश इंचाने पुढे गेली असेल, तर चेनसह फ्रीव्हीलचाही खर्च वजा करावा. वैदर्भीय उन्हात तडकलेले टायर तर गृहीतच धरावेत. मात्र त्यांवर ४०६ हा आकडा असल्यास तेच माप मुलांच्या पुष्कळशा वीस इंची सायकलींचे असल्याने हिंगणघाट-आर्वीकडेही नड भागते, अन्य माप असल्यास तजवीज बाहेरून करावी लागते, आणि तेवढ्याने किंमत उतरलीच पाहिजे.

घडी विकणाऱ्याकडूनच घालून घ्यावी. तो सराईतपणे सायकल मिटवू लागला, तर बिजागरी पुन्हा एकवार तपासावी. आणि तो चाचपडू लागला, खटका कोठे आहे हेच त्यास आठवेना, तर बिजागरी बहुधा फारशी झिजलेली नसते, व अशा सायकलीस, गंज नसल्यास, पाचशे रुपये अधिक देण्यास हरकत नाही.