काळं शिंगरू पांढरं कसं झालं? घोड्याचा रंग आणि खुणा ओळखायची सोपी पद्धत

आजचा एपिसोड एका भांडणापासून सुरू होतो. आमच्याच घरातलं भांडण आहे, त्यामुळे नावं घेत नाही.

माझ्या मामाला घोड्यांचं वेड. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठावर सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. तिथून मामाने एक काळंभोर शिंगरू घेतलं, नुकतंच दूध सुटलेलं. लगेच त्याला कामासाठी दोन वर्षं मस्कतला जावं लागलं. शिंगरू ओळखीच्या एका तबेल्यात ठेवलं. व्हिडिओ कॉल व्हायचे, पण तबेल्यातल्या अंधारात ते काळंच दिसायचं. मामा परत आला, तबेल्यात गेला, तर समोर करड्या-पांढऱ्या अंगाचा घोडा! मामा म्हणाला, "भाऊ, माझं जनावर कुठंय?" तबेलेवाले काका म्हणाले, "हेच तर आहे." झालं. वीस वर्षांची मैत्री आणि विषय थेट पोलिसांपर्यंत.

आता मामाचा संशय अगदीच वेडा नव्हता. २०२२ मध्ये पंजाबच्या संगरूर जिल्ह्यात एका कापड व्यापाऱ्याने २२ लाखांपेक्षा जास्त पैसे देऊन काळा घोडा घेतला होता. घरी नेऊन आंघोळ घातली आणि काळा रंग वाहून गेला, खाली निघाला तपकिरी घोडा. म्हणजे रंगावर फसवणूक होते. पण मामाच्या बाबतीत काय झालं होतं? ते कळायला आधी रंग कसा ओळखायचा ते बघू.

पहिली पायरी: अंग नंतर, टोकं आधी

आपण घोडा बघतो तेव्हा पाठ आणि पोट बघतो. चूक तिथेच होते. आधी टोकं बघायची: आयाळ, शेपूट, गुडघ्याखालचे पाय, कानांच्या कडा.

घोड्याच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्यं असतात, एक काळं आणि एक तांबूस. बाकी सगळे रंग याच दोघांचा खेळ. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर दोन इफ-एल्स आहेत. पहिला जीन विचारतो, केसांत काळा रंग बनवायचा का? उत्तर 'नाही' असेल तर घोडा पूर्ण तांबूस, आयाळ-शेपूटसुद्धा तांबूस किंवा त्याहून फिकी. हा आपल्या बाजारातला सुरंग, इंग्रजीत चेस्टनट. उत्तर 'हो' असेल तर दुसरा जीन विचारतो, काळा रंग सगळीकडे की फक्त टोकांना? फक्त टोकांना असेल तर अंग तपकिरी-तांबूस आणि आयाळ, शेपूट, पाय काळे. हा कुमैत, म्हणजे बे. सगळीकडे असेल तर मुश्की, म्हणजे काळा.

म्हणून सुरंग आणि कुमैत यात गोंधळ झाला तर फक्त शेपूट आणि पाय बघा. काळे असतील तर कुमैत, नसतील तर सुरंग. गडद कुमैत आणि मुश्की यात गोंधळ झाला तर नाकपुड्यांभोवती आणि मांडीजवळच्या कुशीत बघा. तिथे तपकिरी झाक असेल तर बहुतेक वेळा तो गडद कुमैत असतो. मात्र उन्हाने काळा घोडाही तांबूस पडतो, म्हणून घाई नको.

दुसरी पायरी: पांढरा दिसतो तो पांढराच असतो का?

बहुतेक वेळा नाही! आपण ज्याला पांढरा घोडा म्हणतो, त्याची कातडी बघा. ओठांजवळ, डोळ्यांभोवती कातडी काळी असेल तर तो सब्जा, म्हणजे ग्रे. कातडी गुलाबी असेल तर तो नुकरा. लग्नाच्या वरातीत दोन्ही दिसतात, पुढच्या वेळी बघाच.

सब्जा घोडा जन्मतो काळा, कुमैत किंवा सुरंग, आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. आधी डोळ्यांभोवती चष्म्यासारखे पांढरे केस येतात, मग अंगावर गोल गोल ठिपके दिसतात आणि शेवटी जवळजवळ पूर्ण पांढरा. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने याचं कारण शोधलं. एका जीनमधला छोटा तुकडा दोनदा आलाय, चक्क कॉपी-पेस्ट. हा बदल आई किंवा बाप, एकाकडून मिळाला तरी पुरतो. आणि उलट बाजूनेही नियम पक्का आहे: सब्जा पिल्लू हवं तर आई-बापापैकी एक तरी सब्जा हवाच.

हे नुसतं कुतूहल नाही हं. याच बदलामुळे या घोड्यांना कातडीच्या गाठी होतात. १५ वर्षांपुढच्या ग्रे घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांत त्या आढळतात, विशेषतः शेपटीच्या खालच्या बाजूला. पांढरा घोडा पाळणाऱ्याने शेपूट उचलून बघायची सवय लावून घ्यावी आणि गाठ दिसली तर डॉक्टरांना दाखवावी.

तिसरी पायरी: रंग बदलतो, खुणा राहतात

कपाळावरची चांदणी, नाकावरून उतरणारा पट्टा, नाकपुड्यांच्या मधला ठिपका, पायांतले पांढरे मोजे. या खुणा जन्मतः येतात आणि आयुष्यभर राहतात. चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर तो पंचकल्याणी. अंगावरच मोठे पांढरे पट्टे असतील तर अबलख. नोंद करताना डावं-उजवं नेहमी घोड्याचं धरायचं, आपलं नाही.

याहून भारी खूण म्हणजे भोवरा. आपल्या डोक्यावर असतो तसाच घोड्याच्या कपाळावर, मानेवर असतो. एकही पांढरा केस नसलेल्या घोड्याची ओळख लिहिताना भोवऱ्यांची जागाच कामाला येते. बाजारात भोवऱ्यावरून शुभ-अशुभ ठरवतात आणि भाव वर-खाली होतो. मला विचाराल तर भोवरा नशीब सांगत नाही, पण घोडा कोण आहे ते सांगतो.

मग मामाचं काय झालं?

मामाच्या फोनमध्ये खरेदीच्या दिवशीचा फोटो होता. कपाळावर चांदणी, तिच्या जरा वर भोवरा, मागच्या डाव्या पायात मोजा. पण समोरचा घोडा फिकट झालेला, मोजा दिसणार कसा? काकांनी बादली आणली आणि पाय भिजवला. ओल्या केसांखाली सगळीकडे काळी कातडी आणि फक्त त्या पायाला टाचेपर्यंत गुलाबी. पांढऱ्या खुणेखालची कातडी गुलाबीच असते, वरचा रंग कितीही बदलू दे. मग कपाळ भिजवलं. चांदणी तिथेच, भोवरा तिथेच.

मी मामाला विचारलं, "बाजारात याची आई बघितली होतीस का?" मामा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "पांढरी होती रे." फोटो मोठा करून बघितला, तर शिंगराच्या डोळ्यांभोवती तेव्हाच पांढरे केस होते. कोणी बघितलेच नव्हते.

मामाने काकांची माफी मागितली. काकांनी चहा पाजला, पण चारचौघांत चोर ठरवल्याचा सल अजून गेलेला नाही, हे दोघांनाही कळतं.

म्हणून कोणाच्या घरी घोडा येणार असेल तर फोन काढा आणि उजेडात इतके फोटो घ्या: समोरून तोंड, दोन्ही बाजू, चारही पाय खुरांसकट, आणि प्रत्येक भोवरा जवळून. आई-बापाचा रंग विचारून लिहून ठेवा. जमलं तर १५ अंकी मायक्रोचिप बसवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मामाकडे तो एक फोटो नसता तर वीस वर्षांची मैत्री गेली असती.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर वरातीतल्या घोड्याचे ओठ बघा आणि ओळखा, सब्जा की नुकरा!