लेझरला केस कळत नाही
केस काढणाऱ्या लेझरला केस कळत नाही. कळतो तो काळा रंग. केसातलं मेलॅनिन प्रकाश शोषून तापतं आणि मुळाजवळच्या पेशी भाजून निघतात. पण मेलॅनिन आपल्या सावळ्या कातडीतही असतंच की! म्हणून अशा वर्णाला ७५५ नॅनोमीटरपेक्षा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, खोल उतरणारा किरण बरा, तोही त्वचा थंड राखत. विनातपासणी बाजारात आलेल्या स्वस्त यंत्रात हा थंडावाच लंगडा असू शकतो, आणि पडद्यावरचा ऊर्जेचा आकडा खरा असेलच असं नाही. मग फोड येतात, काळे-पांढरे डाग राहतात. डोळ्यांचं तर विचारूच नका. १०६४चा किरण दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि तो थेट दृष्टिपटलावर एकवटतो. त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा हवा. साधा गॉगल नुसता शोभेचा.